१० मीटर एअर रायफल: साइट ठरवा, नीट लावा, मग हात आवरा

नवखा नेमबाज पहिल्या महिन्यात साइटचे, म्हणजे रायफलवरच्या नेम धरायच्या साधनाचे, नॉब जेवढे फिरवतो तेवढे पुढच्या तीन वर्षांत फिरवत नाही. छर्रा उजवीकडे गेला की दोन क्लिक डावीकडे, पुढचा डावीकडे गेला की तीन क्लिक उजवीकडे. तासाभरानं कार्डावर फोडणीतली मोहरी तडतडल्यासारखी भोकं दिसतात आणि दोष रायफलवर जातो. बहुतेक वेळा रायफल ठीक असते, साइटही ठीक असते. साइटला हात कधी लावायचा आणि कधी नाही, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

इंदूरकरांना नेमबाजी परकी नाही. शेजारी महूत लष्कराचं आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजय कुमार तिथलेच. शहराजवळ रेवती रेंज आहे. खरगोन जिल्ह्यातला रायफल नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य अकादमीत तयार झाला. मात्र महू आणि रेवतीची आवारं गणवेशातल्या लोकांची. तुम्हांआम्हांला सुरुवात करायची ती एखाद्या क्लबच्या १० मीटर रेंजवर, क्लबच्याच रायफलनं. पहिले दोन महिने स्वतःची रायफल घेऊ नका, कारण तुमच्या हाताची लांबी, मान आणि डोळा काय मागतो हे अजून तुम्हांलाच कळलेलं नसतं.

कायद्याचं थोडक्यात: ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. नळी कायम लक्ष्याकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर आणि रायफल खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग (ती रिकामी असल्याची खूण), या तीन सवयी पहिल्या दिवशीच लावून घ्या. गच्चीवर कार्ड टांगून सराव करू नका. संक्रांतीच्या दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात, आणि शिशाचा छर्रा भिंतीवरून उलटाही येतो.

आधी डोळा

दोन्ही हात पुढे ताणा आणि दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये रुपयाएवढी खिडकी सोडा. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून समोरच्या भिंतीवरचं स्विच पाहा. मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना स्विच खिडकीतच राहतं तो तुमचा प्रबळ डोळा.

उजवा हात आणि उजवा डोळा जुळला तर प्रश्नच नाही. हात उजवा पण डोळा डावा निघाला, तर दहा-बारा वर्षांच्या मुलानं सरळ डाव्या खांद्यावर रायफल घ्यावी, महिनाभरात सवय होते. चाळिशीतल्या माणसानं खांदा बदलण्याच्या फंदात न पडता नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे ब्लाइंडर, म्हणजे झाकणारी पट्टी, लावावा. बॅकसाइटवर, म्हणजे मागच्या साइटवर, लावायचा ब्लाइंडर स्पर्धेच्या नियमांत ३० मिमीपर्यंत रुंद आणि छिद्राच्या मध्यापासून १०० मिमीपर्यंत लांब चालतो. तो दुधी, पांढरट प्लॅस्टिकचा करा. काळा केला तर झाकलेल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर नेमाच्या डोळ्याचीही. डोळा मिटून नेम धरणं तर टाळाच. विसाव्या शॉटपर्यंत गालाचे आणि पापणीचे स्नायू थरथरू लागतात.

चष्मा असेल तर एक गोष्ट तपासा. रायफल गालाला लावल्यावर आपण काचेच्या मध्यातून बघत नाही, नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो, आणि तिथे काच वेगळा नंबर दिल्यासारखी वागते. चष्मेवाल्याकडे जाताना नेमाची मान करून दाखवा, म्हणजे काचेचा मध्य तो तिथे आणून देईल.

ओपन की पीप

ओपन साइटमध्ये मागे खाच, पुढे काडी आणि पलीकडे लक्ष्य. तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. काडीचं टोक स्पष्ट ठेवायचं, खाच आणि काळं वर्तुळ दोन्ही थोडी धूसर राहू द्यायची. काडीचं टोक खाचेच्या काठांशी सपाट, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि वर्तुळ काडीवर ठेवल्यासारखं, मध्ये केसाएवढी पांढरी रेघ. स्प्रिंगच्या साध्या रायफलवर ही साइट असते आणि राज्य पातळीच्या स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा गटही असतो. दोन-तीन महिने तिच्यावर गेले तर वाया जात नाहीत, उलट काडीवर नजर ठेवायची शिस्त लागते.

पण १० मीटर एअर रायफलमध्ये पुढे जायचं असेल तर पीप साइटशिवाय चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे फोरसाइटच्या (पुढच्या साइटच्या) छोट्या नळीत गोल रिंग आणि पलीकडे काळं वर्तुळ. छिद्रातून पाहताना डोळा आपसूक मध्यभागी जातो, आणि छिद्र लहान असल्यामुळे रिंग आणि वर्तुळ दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. छिद्राकडे बघायचं नाही, छिद्रातून बघायचं. दुर्बीण या प्रकारात चालत नाही, त्यामुळे तिच्यावर पैसे घालवू नका.

रिंग आणि आयरिस: आकड्यांनी ठरवा

पुढची रिंग कितीची घ्यावी यावर क्लबमध्ये प्रत्येकाचं मत असतं. हिशेब मात्र सोपा आहे. १० मीटरच्या कार्डावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिमी व्यासाचं. तुमचा डोळा फोरसाइटपासून साधारण ९० सेंमीवर. म्हणजे रिंगच्या जागी ते वर्तुळ दिसतं सुमारे पावणेतीन मिमीचं. ३.२ ची रिंग घातली तर भोवती पांढरी कडा उरते पाव मिमीपेक्षाही कमी, ४.२ ची घातली तर सुमारे पाऊण मिमी.

नवख्याचा हात हलणारच. कडा पाव मिमीची असली की वर्तुळ सारखं रिंगला चिकटतं, डोळा गोंधळतो आणि बोट अडतं. मग शॉट निघतो तो “आत्ता बरोबर आहे, ओढ!” अशा झटक्यानं. म्हणून सुरुवात ४.० ते ४.५ च्या रिंगनं करा. लहान रिंग म्हणजे जास्त अचूक हा समज दहातल्या आठ नवख्यांना असतो आणि त्यांचं पहिलं वर्ष त्यातच जातं. होल्डिंग (रायफल स्थिर धरणं) सुधारलं की ०.१ किंवा ०.२ नं खाली या, आणि प्रत्येक बदल निदान दोन आठवडे राहू द्या. पांढरी कडा सगळीकडून सारखी आहे की नाही हे मेंदू फार पटकन ओळखतो. त्याला तुलना करायला पुरेसं पांढरं द्या, एवढंच.

मागच्या आयरिसला, म्हणजे छिद्र लहानमोठं करणाऱ्या चकतीला, १.१ किंवा १.२ मिमीवर ठेवा. १.० च्या खाली गेलात की चित्र काळवंडतं आणि डोळा लवकर थकतो. फार मोठं केलं तर डोळा मध्यातून सरकलेला कळत नाही. रेंजवर उजेड कमी असेल तर किंचित उघडा. स्पर्धेत लक्ष्यावर निदान १५०० लक्स प्रकाश हवा असा नियम आहे, क्लबात तेवढा क्वचितच असतो. खोक्यातून काढताना आयरिसची चकती हमखास फिरते, म्हणून रोज पहिल्या छर्र्याआधी तिचा आकडा बघा.

साइट बसवणं

क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. रायफल आधी अंगाला बसवायची, साइट नंतर डोळ्याला.

१. बट-प्लेट खांद्यात आणि चीकपीस गालाला लावा. मान ताठ, चेहरा समोर. डोळे मिटा, डोक्याचं पूर्ण वजन चीकपीसवर सोडा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. छिद्रात फोरसाइटची नळी मधोमध दिसली पाहिजे. खाली दिसली तर डोळा खाली आहे, म्हणजे चीकपीस वर घ्या. वर दिसली तर खाली घ्या. डोकं हलवून चित्र जुळवू नका, चीकपीस हलवा.

२. बॅकसाइट ११ मिमीच्या खाचेवर पुढेमागे सरकवा. डोळ्यापासून साधारण ५ सेंमी अंतर ठेवा, पापणी लागू नये आणि मानही ताणू नये. छिद्राच्या काठाच्या आत फोरसाइटच्या नळीभोवती उजेडाची बारीक गोल पट्टी दिसली की अंतर बरोबर.

३. स्क्रू घट्ट करा, मग साइटच्या पायावरून रायफलच्या खाचेवर येईल अशी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की साइट सरकली. दहा रुपयांचा हा उपाय महिन्याभराची डोकेदुखी वाचवतो, विशेषतः स्प्रिंगच्या रायफलवर, कारण तिच्या धक्क्यानं स्क्रू ढिले होतातच.

डोळा मध्यात असण्याचा एवढा आग्रह का? पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये सुमारे ८५ सेंमी अंतर असतं. या दोघांची जुळणी ०.१ मिमीनं चुकली तर १० मीटरवर छर्रा १.२ मिमी सरकतो. कार्डावरच्या दोन रेघांत अंतर आहे २.५ मिमी. उलट, जुळणी नीट असून अख्खी रायफल ०.१ मिमी बाजूला गेली तर छर्राही ०.१ मिमीच सरकतो. म्हणून हात हलतो याची फार काळजी करू नका, गाल हलतो याची करा.

झिरो करणं

झिरो करणं म्हणजे नेम जिथे तिथेच छर्रा पडेल अशी साइट लावणं. पहिल्यांदा बसून, रायफलचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर ठेवून. उभं राहून झिरो शोधणं म्हणजे चालत्या टेंपोत बसून सुईत दोरा ओवणं.

सपाट टोकाचे ०.५३ ग्रॅमचे छर्रे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे आकार मिळतात. त्यातला कुठला आपल्या नळीला गोड लागतो हा शोध पुढच्या वर्षासाठी ठेवा.

पाच छर्रे एकाच जागी नेम धरून मारा. एकही क्लिक नाही. पाच भोकांचा मध्य पेन्सिलनं काढा. आता साइटला उजवीकडे १० क्लिक द्या आणि पुन्हा पाच मारा. मध्य किती सरकला ते पट्टीनं मोजा. समजा ३ मिमी सरकला, तर तुमच्या साइटचा एक क्लिक ०.३ मिमीचा. हे वहीत लिहा. नॉबवरची अक्षरं परदेशी भाषेत असतात आणि बाण काही साइटवर उलटे वाटतात, तेव्हा ही दहा क्लिकची परीक्षा माहितीपत्रकापेक्षा भरवशाची.

नियम एकच लक्षात ठेवा: मागची साइट जिकडे, छर्रा तिकडे. ग्रुपचा, म्हणजे एकत्र मारलेल्या भोकांचा, मध्य ६ मिमी उजवीकडे आणि ४ मिमी खाली असेल तर २० क्लिक डावीकडे, १३ क्लिक वर. दिशा उलटताना नॉबमध्ये थोडी ढिलाई असते, म्हणून दोन क्लिक पुढे जाऊन परत या. मग पुन्हा पाच छर्रे, खात्रीसाठी.

उभं राहिल्यावर झिरो थोडा बदलतो. गालाचा दाब वेगळा पडतो, रायफलचा कलही. कलाचं गणितही जाणून घ्या. छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगानं निघतो आणि १० मीटरवर पोचेपर्यंत साधारण १७ मिमी खाली येतो. साइट ती घट भरून काढते, पण रायफल सरळ असेल तरच. रायफल ५ अंश उजवीकडे कलली की छर्रा दीड मिमी उजवीकडे, १० अंश कलली की ३ मिमी, म्हणजे एका रेघेपेक्षा जास्त. कल असायला हरकत नाही, तो दर वेळी तेवढाच हवा. पाठीमागून कुणाला तरी मोबाइलवर दहा शॉट्सचे फोटो काढायला सांगा आणि फोरसाइटची नळी कशी कलते ते बघा.

क्लिक कधी द्यायचा

या लेखातला एकच भाग पाठ करायचा असेल तर हा. शॉट सुटल्यावर स्क्रीनकडे किंवा कार्डाकडे बघण्याआधी सांगा, छर्रा कुठे गेला असेल. “नऊ, दोन वाजता,” म्हणजे नऊ गुण, घड्याळातल्या दोनच्या दिशेला. याला शॉट कॉल करणं म्हणतात. वहीत दोन रकाने: कॉल आणि खरा शॉट.

दहा शॉट्सनंतर बघा. कॉल मध्यभागी आणि खरे शॉट सगळे एकाच बाजूला एकत्र, तर साइट हलवा, हिशेबानं. कॉल आणि खरा शॉट जुळतायत पण दोन्ही विखुरलेले, तर साइटचा दोष शून्य, होल्डिंगवर काम करा. कॉल दहाचा आणि शॉट कधी आठ डावीकडे, कधी आठ उजवीकडे, तर सुटण्याच्या क्षणी तुमचं लक्ष तिथे नाही किंवा ट्रिगर झटक्यानं ओढला जातोय. नॉब फिरवणं योग्य आहे ते फक्त पहिल्या प्रसंगात.

एका शॉटवरून क्लिक का देऊ नये? नवख्याचा ग्रुप सहज २० मिमी पसरतो. साइट अगदी अचूक असली तरी एखादा छर्रा मध्यापासून ८ मिमी जाणारच. त्याला साइटची चूक समजून तुम्ही ८ मिमी दुरुस्ती केली, तर आता अचूक साइट ८ मिमी चुकीची झाली.

आठवड्याचा सराव

चार दिवस, रोज सव्वा तास पुरे. रविवारी एकदम चार तास मारून उपयोग नाही. दुसऱ्या तासानंतर शरीर चुकाच पाठ करतं.

पहिली २० मिनिटं छर्र्याशिवाय. मॅच रायफलमध्ये ड्राय फायरची सोय असते, तिचा भरपूर वापर करा. स्प्रिंगच्या रायफलचा ट्रिगर छर्रा न घालता कधीही ओढू नका, पिस्टन समोर आपटतो आणि सील जातं. तिच्यावर नुसतं होल्डिंग करा: उभं राहून ३० सेकंद रिंग काळ्याभोवती, एक मिनिट विश्रांती, असं दहा वेळा.

मग पायांची जागा. रायफल उचला, डोळे मिटा, श्वास सोडा, अंग सैल करा, डोळे उघडा. रिंग वर्तुळाच्या डावीकडे गेली असेल तर हातानं ओढून आणू नका. मागचा पाय दोन बोटं फिरवा आणि पुन्हा बघा. वरखाली असेल तर डाव्या हाताची जागा किंवा बट-प्लेटची उंची बदला. हातानं ओढून धरलेली रायफल ट्रिगर सुटताक्षणी मूळ जागी परतते, आणि छर्रा अजून नळीतच असतो.

पुढे दहा छर्रे कार्ड उलटं लावून, कोऱ्या पांढऱ्यावर. वर्तुळच नाही, त्यामुळे “आत्ता ओढ” हा मोह नाही. ट्रिगर हळू दाबत नेणं इथेच शिकता येतं. हा सराव सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यांत जास्त गुण यानंच वाढतात.

शेवटी ३० ते ४० छर्रे खऱ्या कार्डावर. रायफल स्थिरावल्यावर ५ ते ८ सेकंदांत शॉट गेला तर गेला. दहा सेकंद झाले की रायफल खाली. डोळ्यात तेच चित्र गोठून राहतं आणि रिंग सरकली तरी जुनीच दिसते. शॉट सुटल्यावर दोन सेकंद तसेच राहा, रिंग कुठे थांबली ते बघा, मग कॉल.

नाश्ता हलका असू द्या. पोहे-जिलबीनंतर घट्ट कॅनव्हास जॅकेटची बटणं लागतात, पण श्वास घेता येत नाही. आणि रात्री बारापर्यंत सराफ्याच्या खाऊबाजारात उभं राहून सकाळी सातला रेंजवर आलात तर त्या दिवशीच्या आकड्यांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

ग्रुप काय सांगतो

उभी माळ दिसली तर श्वास दर वेळी वेगळ्या जागी थांबतोय, किंवा बट-प्लेट खांद्यात वरखाली बसतेय. आडवी माळ असेल तर पायांची जागा किंवा कमरेचं डोलणं. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली-उजवीकडे ओघळत असतील तर ट्रिगरचा झटका. दोन वेगळे ग्रुप, मध्ये रिकामी जागा, हे चित्र गाल दोन ठिकाणी बसत असल्याचं किंवा साइटचा स्क्रू ढिला असल्याचं. आधी नेलपॉलिशची रेघ बघा, मग गालाला दोष द्या. सगळीकडे विखुरलेलं असेल आणि काल नव्हतं, तर स्टॉकचे बोल्ट तपासा. तेही घट्ट असतील तर घरी जा, आज दमलात.

मे महिन्यात घामानं गाल चीकपीसवर घसरतो, रुमाल जवळ ठेवा. पावसाळ्यात साइटचे स्क्रू गंजतात. कापडाला तेलाचा एक थेंब लावून पुसा, आयरिसच्या छिद्राला मात्र तेल लागू देऊ नका. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुवूनच खायला बसा, ते शिसं आहे.

पहिली स्पर्धा

६० शॉट्स, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटं, त्याआधी तयारी आणि साइटिंगची, म्हणजे गुण न धरता साइट जुळवायची, १५ मिनिटं. छर्र्याचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडलं की दहा, आणि तिथून आत दर पाव मिमीला एक दशांश, १०.९ पर्यंत. म्हणजे तुमचा एक क्लिक साधारण एका दशांशाचा. साइटिंगमध्ये पहिली पाच मिनिटं पायांची जागा आणि ड्राय फायर. मग पाच शॉट, काहीही न बदलता. लागलीच तर एकदा दुरुस्ती, पुन्हा पाच. रेंजवरचे दिवे घरच्या क्लबपेक्षा वेगळे असतात, तेव्हा दोन-तीन क्लिकचा फरक पडणं साहजिक आहे. दहा क्लिकचा फरक दिसला तर आधी आयरिसचा आकडा आणि साइटचा स्क्रू तपासा. मॅच सुरू झाल्यावर सलग तीन शॉट कॉलपेक्षा एकाच बाजूला गेले, तर रायफल खाली ठेवा, पाय पुन्हा लावा. चौथाही तसाच गेला, तर त्या बाजूच्या उलट दोन क्लिक द्या, वहीत लिहा आणि पुढचा छर्रा घाला.